ई-सिगारेटची जाहिरात व ऑनलाइन विक्री : भारतीय प्रतिबंधक कायद्याची पूर्वपीठिका

भारतीय संसदेने २०१९ साली संमत केलेल्या इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध अधिनियमाकडे सामान्यतः आरोग्यविषयक कायदा म्हणूनच पाहिले जाते. तो तसा आहे, यात शंका नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एखादी नवी वस्तू बाजारात आली, की शासनासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो तिच्या गुणदोषांचा नव्हे, तर तिच्या नावाचा. ती औषध, विष, खाद्य की तंबाखू, हे ठरल्याखेरीज कोणत्या कायद्याने व कोणत्या अधिकाऱ्याने तिला हात लावावा, हे ठरत नाही. हा निर्णय लांबत असताना व्यापारी मात्र थांबत नाही. ई-सिगारेटच्या जाहिरातीचा व विक्रीचा भारतातील इतिहास हा मुख्यतः ह्या मधल्या अवकाशाचा इतिहास आहे. त्याचा मागोवा घेऊन अखेरच्या संपूर्ण बंदीचे मूल्यमापन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. दख्खनमधून आलेली वस्तू

तंबाखूचा प्रवेश पोर्तुगीजांच्या व्यापारातून भारतात झाला, आणि उत्तरेत तिची ओळख करून देण्याचे श्रेय किंवा दोष दख्खनकडे जातो. अकबराचा अधिकारी असद बेग हा १६०४च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाही दरबाराकडून परतला, तेव्हा त्याने इतर नजराण्यांबरोबर तंबाखू आणि ती ओढण्याची एक सुबक नळी बादशहापुढे ठेवली. त्याने लिहून ठेवलेला वृत्तांत आजच्या वाचकालाही उद्बोधक वाटेल. बादशहाने कुतूहलाने एकदोन झुरके घेतले. त्याच्या वैद्याने, ही वस्तू आपल्या ग्रंथांत आढळत नाही म्हणून ती वापरू नये, असा आक्षेप घेतला. असद बेगाचा युक्तिवाद असा, की प्रत्येक रूढी केव्हा ना केव्हा नवीच असते. अकबराने ते व्यसन लावून घेतले नाही. परंतु अमीर-उमरावांनी तंबाखू मागवली, आणि पाहता पाहता व्यापारी ती विकू लागले. १६१७ साली जहांगीराने, इराणच्या शाह अब्बासाप्रमाणेच, धूम्रपानास मनाई केली. ती मनाई टिकली नाही, हे पुढील तीन शतकांचा व्यवहारच सांगतो.

ह्या जुन्या प्रसंगात पुढच्या सर्व वादांची बीजे आहेत. नव्या वस्तूविषयी वैद्यकाचा संशय, नवेपणालाच गुण मानणारा वकील, निर्णयापूर्वीच हलणारा बाजार आणि उशिरा आलेली मनाई, असा तो क्रम आहे. चारशे वर्षांनंतर साधने बदलली. क्रम फारसा बदलला नाही.

२. जाहिरातीवरील निर्बंधांची वाटचाल

स्वतंत्र भारतात तंबाखूच्या जाहिरातीकडे कायद्याचे लक्ष प्रथम वळले ते १९७५ साली. त्या वर्षीच्या सिगारेटविषयक अधिनियमाने पाकिटावर आणि जाहिरातीवर वैधानिक इशारा छापणे बंधनकारक केले. हा कायदा दोन अर्थांनी मर्यादित होता. एक, तो केवळ सिगारेटपुरता होता. बिडी आणि खाण्याची तंबाखू, म्हणजे देशातील बहुसंख्य लोकांचे व्यसन, त्याच्या कक्षेबाहेर राहिले. दुसरे म्हणजे, त्याने जाहिरात थांबविली नाही. तिच्या कोपऱ्यात एक वाक्य घातले. जाहिरातदाराने ते वाक्य मान्य केले आणि उरलेली जागा आपल्या पद्धतीने वापरली.

पुढील पंचवीस वर्षांत जाहिरात पाकिटावरून मैदानावर गेली. १९९६ची क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा भारत, पाकिस्तान व श्रीलंका येथे झाली, तिचे अधिकृत नावच एका सिगारेटच्या छापावरून 'विल्स वर्ल्ड कप' असे होते. मुंबईच्या वानखेडे मैदानावरचा भारत-ऑस्ट्रेलिया सामना ज्या मुलांनी पाहिला, त्यांना कोणी सिगारेट ओढण्यास सांगितले नाही. त्यांना फक्त एक नाव पाठ झाले. अप्रत्यक्ष जाहिरातीचे स्वरूप समजून घेण्यास याहून सोपे उदाहरण सापडणार नाही. २००० साली केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन तंबाखू व मद्य यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष जाहिरातींना मनाई झाली, आणि २००१ साली संबंधित कंपनीने भारतीय क्रिकेट संघाचे प्रायोजकत्व सोडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईचे लोकप्रतिनिधी मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक वाहने इत्यादी ठिकाणी धूम्रपान बंद करण्याचा आदेश दिला.

ह्या सर्व प्रवाहांचा संगम २००३च्या सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादने अधिनियमात झाला. त्याच्या पाचव्या कलमाने तंबाखूची जाहिरात निषिद्ध ठरविली. सहाव्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस व शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री करण्यास बंदी केली. भारताने फेब्रुवारी २००४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू-नियंत्रणविषयक करारास मान्यता दिली. ह्या कराराच्या तेराव्या अनुच्छेदात देशाच्या सीमा ओलांडणाऱ्या जाहिरातींचाही विचार आहे.

तथापि २००३च्या कायद्याने दोन फटी ठेवल्या होत्या: पाकिटावरील मजकूर आणि दुकानाच्या दारावरील व आतील फलक. २००५च्या नियमांनी दुकानाच्या फलकाचा आकार ६० × ४५ सेंटिमीटरपुरता मर्यादित केला, त्यावर छापाचे नाव व चित्र वर्ज्य केले आणि दिव्यांची रोषणाई काढून टाकली. ह्या नियमांना मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळून अंतरिम स्थगिती आली, आणि ती सर्वोच्च न्यायालयाने उठविली २०१३ साली. एका फलकाच्या लांबीरुंदीचा प्रश्न सुटण्यास आठ वर्षे लागली. ह्या आठ वर्षांत जाहिरातीचे केंद्र दुकानाच्या दारावरून हातातल्या फोनच्या पडद्यावर सरकले होते.

३. वस्तूचे नाव कोणते?

तंबाखू न जाळता निकोटीन घेण्याची कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांना धूररहित सिगारेटचे पेटंट १९६५ साली मिळाले होते. त्या साधनाला ग्राहक मिळाले नाहीत. आज वापरात असलेल्या ई-सिगारेटचे जनकत्व सामान्यतः चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांना दिले जाते. त्यांची रचना २००३ सालची. विजेरीवर तापणारी तार, निकोटीन व सुगंध मिसळलेला द्रव आणि त्यातून निघणारा वाफेसारखा फवारा, एवढीच तिची यंत्रणा. गिल्बर्ट यांची कल्पना मागे पडली आणि होन लिक यांची जगभर पसरली, ह्याचे कारण केवळ तंत्रात शोधून चालणार नाही. दुसरी वस्तू जन्मली ती इंटरनेटच्या बाजारपेठेत. तिला गावोगावच्या पानपट्टीची गरज नव्हती.

भारतात ही वस्तू पोहोचली, तेव्हा तिचे नेमके नाव कायद्यात सापडेना. २००३च्या कायद्याच्या अनुसूचीत दहा प्रकारची उत्पादने नोंदलेली आहेत: सिगारेट, सिगार, चिरूट, बिडी यांपासून तपकीर, गुटखा आणि तंबाखूयुक्त दंतमंजनापर्यंत. त्यांत ई-सिगारेट नाही. निकोटीन हे द्रव्य मात्र अनेक कायद्यांना परिचित होते. १९६८च्या कीटकनाशक अधिनियमाच्या अनुसूचीत निकोटीन सल्फेट आहे. व्यसन सोडविण्यासाठी दिला जाणारा निकोटीनयुक्त च्युइंग गम औषध म्हणून मान्य आहे. आणि २०११च्या अन्नसुरक्षा विनियमांनी कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटीन घालण्यास मनाई केली आहे. एकच द्रव्य एका कायद्यात कीटकनाशक, दुसऱ्यात औषध आणि तिसऱ्यात निषिद्ध घटक ठरले होते.

नावाचा हा प्रश्न केवळ शाब्दिक नव्हे, हे महाराष्ट्राच्या अनुभवावरून स्पष्ट होते. २००२ साली राज्याच्या अन्नविषयक अधिकाऱ्याने अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली होती. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने गोदावत पान मसाला प्रकरणात ती रद्द केली. अशी बंदी घालण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याकडे नाही, असा निर्णय झाला. पुढे नवा अन्नसुरक्षा कायदा व त्याखालील २०११चे विनियम हाती आल्यावर, २०१२ साली महाराष्ट्राने पुन्हा बंदी केली. वस्तू तीच, अपाय तोच, राज्यही तेच. फरक पडला तो कायद्याच्या आधाराचा. हेतू कितीही स्तुत्य असला तरी चुकीच्या कायद्याचा आधार घेतलेली बंदी न्यायालयात उभी राहत नाही, हा त्याचा धडा होय.

अमेरिकेतही हाच पेच पडला होता. तेथील अन्न व औषध प्रशासनाने ई-सिगारेट हे औषध देण्याचे साधन मानून आयात अडविली. डिसेंबर २०१०मध्ये वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने, रोगनिवारणाचा दावा करून विकलेली नसल्यास ती औषध नव्हे, तंबाखूजन्य उत्पादन म्हणून तिचे नियमन करता येईल, असा निर्णय दिला. त्यानुसार नियम लागू होण्यास ऑगस्ट २०१६ उजाडला. ह्या सहा वर्षांत तेथे नव्या छापांच्या जाहिराती सामाजिक माध्यमांतून तरुणांपर्यंत पोहोचल्या आणि शाळांपुढे एक नवे संकट उभे राहिले.

४. सूचनापत्रापासून अध्यादेशापर्यंत

भारतात आरंभीची कारवाई राज्यांनी केली. पंजाब, कर्नाटक, महाराष्ट्र इत्यादी राज्यांनी औषधविषयक वा विषविषयक कायद्यांच्या आधारे बंदीचे उपाय योजले. २८ ऑगस्ट २०१८ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व राज्यांना सूचनापत्र पाठवून ह्या साधनांची विक्री, ऑनलाइन विक्री, आयात व जाहिरात होऊ देऊ नये, असे कळविले. परंतु सूचनापत्र म्हणजे कायदा नव्हे. डिसेंबर २०१८मध्ये माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या नियमांच्या मसुद्यात, संकेतस्थळांवर निकोटीन देणाऱ्या साधनांचा प्रचार होऊ नये, असे कलम सुचविले गेले; तेही तेव्हा मसुदाच होते.

फेब्रुवारी २०१९मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने परिपत्रक काढून राज्यांतील औषध नियंत्रकांना कारवाईस सांगितले. मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. प्रथमदर्शनी ही उत्पादने औषधाच्या व्याख्येत बसत नाहीत, हे त्याचे कारण. गोदावत प्रकरणाचीच ही नवी आवृत्ती होती. आता औषधाचे दार बंद, तंबाखूच्या अनुसूचीत नाव नाही, अशी स्थिती झाली. त्यानंतर मेअखेर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आपल्या श्वेतपत्रिकेत संपूर्ण बंदीची शिफारस केली, आणि १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला. त्या दिवसापर्यंत १६ राज्ये व एका केंद्रशासित प्रदेशाने आपापल्या परीने बंदी केलेली होती.

अध्यादेशाच्या त्या आठवड्यांत अमेरिकेतून फुप्फुसांच्या एका गंभीर विकाराच्या वार्ता येत होत्या. फेब्रुवारी २०२०पर्यंत तेथे २,८०७ रुग्ण व ६८ मृत्यू नोंदले गेले. पुढील तपासात ह्या विकाराचा निकट संबंध गांजातील टीएचसी हे द्रव्य असलेल्या उत्पादनांशी आणि त्यांत मिसळलेल्या जीवनसत्त्व-ईच्या एका संयुगाशी असल्याचे दिसून आले. तेव्हा, तत्कालीन भीती आणि कायद्याचे खरे प्रयोजन ह्या दोन गोष्टी अभ्यासकाने वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. कायद्याचे प्रयोजन होते नव्या पिढीस निकोटीनच्या व्यसनापासून दूर ठेवणे, आणि ते त्या वार्तांवाचूनही उभे राहते.

५. अधिनियमाची भाषा

अध्यादेशाची जागा घेणारे विधेयक २७ नोव्हेंबरला लोकसभेत व २ डिसेंबरला राज्यसभेत संमत झाले आणि ५ डिसेंबर २०१९ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. ह्या उद्योगाचे नियंत्रण केंद्राने हाती घेणे लोकहिताचे आहे, असे दुसऱ्याच कलमात घोषित केले आहे; सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे ही घोषणा आवश्यक होती.

व्याख्यांचा भाग विशेष लक्षणीय आहे. नाव शोधण्याचा जुना मार्ग येथे सोडून दिला आहे. निकोटीन असो वा नसो, सुगंध असो वा नसो, एखादा पदार्थ तापवून श्वासाबरोबर घेण्याजोगा फवारा निर्माण करणारे कोणतेही विद्युत् साधन, मग त्यास कोणतेही नाव दिलेले असो आणि त्याचा आकार कोणताही असो, ह्या कायद्याखाली येते. तंबाखू न जाळता तापविणारी साधने व ई-हुक्का यांचाही निर्देश आहे. औषध म्हणून रीतसर परवाना मिळालेले उत्पादन तेवढे वगळले आहे. म्हणजे कायद्याने द्रव्याला न पकडता यंत्राला पकडले.

'जाहिरात' ह्या शब्दाची व्याख्या २००३ व २०१९च्या कायद्यांत शेजारी ठेवून वाचावी. पहिल्यात सूचना, परिपत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी घोषणा आणि प्रकाश, ध्वनी, धूर वा वायू यांच्या द्वारा केलेली प्रसिद्धी एवढ्यांचा उल्लेख आहे. दुसऱ्यात प्रकाश-ध्वनी-धूर-वायू ही जुनी परंपरा तशीच ठेवून तीत इलेक्ट्रॉनिक माध्यम, इंटरनेट, संकेतस्थळ व सामाजिक माध्यमे यांची भर घातली आहे. त्याचप्रमाणे 'विक्री'च्या व्याख्येत ऑनलाइन हस्तांतरणाचा स्पष्ट समावेश केला आहे. सोळा वर्षांत बाजार कोठून कोठे गेला, ते ह्या काही शब्दांच्या भरीवरून कळते. २००३च्या कायद्याच्या डोळ्यांपुढे दुकान होते: त्याचे दार, दारावरचा फलक, शाळेपासूनचे अंतर. पडद्यावरील दुकानाला दार नसते आणि त्याचे अंतर यार्डांनी मोजता येत नाही.

शिक्षेतील तफावतही नजरेत भरते. नव्या कायद्याने उत्पादन, विक्री वा जाहिरातीच्या पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि पुन्हा अपराध घडल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाखांपर्यंत दंड ठेवला. साठा बाळगण्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास वा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उलट, अल्पवयीन मुलास बिडी वा तंबाखू विकणाऱ्यास २००३च्या कायद्याने ठेवलेला दंड दोनशे रुपयांपर्यंतचा आहे.

६. दुसरा मार्ग

बंदी हा एकमेव मार्ग नव्हता, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. युरोपीय संघाने २०१४च्या निर्देशाने विक्रीस मुभा ठेवून निकोटीनचे प्रमाण मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित केले आणि सीमापार जाहिरातींवर निर्बंध घातले. इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१५ साली असे मत मांडले, की ही साधने सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी अपायकारक आहेत. ह्या आकड्याच्या आधाराविषयी वैद्यकीय क्षेत्रात तीव्र मतभेद झाले, तरी धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्या प्रौढास हे साधन उपयोगी पडू शकते, ही भूमिका तेथे रुजली. अमेरिकेने डिसेंबर २०२०मध्ये कायदा करून ऑनलाइन विक्रेत्यांवर ग्राहकाचे वय पडताळण्याची सक्ती केली आणि ऑक्टोबर २०२१पासून टपालाने अशी साधने पाठविण्यावर, काही अपवाद वगळता, बंदी आली. विक्रेत्याऐवजी वाहतुकीची वाट धरण्याचा हा प्रयत्न होता.

भारताने हा मार्ग का स्वीकारला नाही, याचे उत्तर आकड्यांत आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे २६ कोटी ७० लाख लोक, कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. ई-सिगारेट वापरणारे होते अवघे ०.०२ टक्के. सवय रुजण्यापूर्वीच तिचे मूळ उपटणे सोपे, हा बंदीच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद. ह्याच आकड्यांवरून विरोधकांचा प्रश्नही उभा राहतो: ०.०२ टक्क्यांसाठी संपूर्ण बंदी, आणि २८.६ टक्क्यांसाठी केवळ नियमन, हा कोणता न्याय? बिडी वळणारे लक्षावधी हात, तंबाखूचे शेतकरी आणि करांचे उत्पन्न यांचा विचार केल्याखेरीज ह्या विसंगतीचा उलगडा होत नाही. जुन्या व्यसनाला हितसंबंधांचे आश्रयस्थान मिळालेले असते; नव्याला ते मिळण्यापूर्वीच कायदा पोहोचला.

७. उपसंहार

बंदीनंतरची वाटचाल मिश्र आहे. मे २०२३मध्ये आरोग्य मंत्रालयाला जाहीर सूचना काढून, ऑनलाइन विक्रीची व्यासपीठे धरून सर्वांना कायद्याची पुन्हा आठवण करून द्यावी लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये १५ संकेतस्थळांना विक्री व जाहिरात थांबविण्याच्या नोटिसा गेल्या. म्हणजे कायदा झाल्यावर चार वर्षांनीही विक्री उघडपणे चालू होती. १ सप्टेंबर २०२३पासून इंटरनेटवरील चित्रपट-मालिकांतही तंबाखूविषयक इशारे बंधनकारक झाले. जाहिरातीच्या मागे कायद्याचे धावणे अद्याप चालूच आहे.

ह्या इतिहासातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, वस्तूच्या नावावर उभारलेला कायदा नव्या वस्तूपुढे हतबल होतो. यंत्र व क्रिया यांवर व्याख्या बेतण्याची २०१९ची पद्धत ह्या दृष्टीने निश्चितच प्रगत होय. दुसरा, जाहिरातीची व्याख्या माध्यमांची यादी वाढवून पूर्ण होत नाही, कारण पुढचे माध्यम यादीत नसते. 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष' हे जुनेच शब्द अखेर अधिक उपयोगी पडतात. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा, संपूर्ण बंदीने विक्रेत्याला परवान्याच्या जाचातूनही मुक्त केले जाते. परवानाधारकाच्या दुकानात निरीक्षक जाऊ शकतो. ज्याचे दुकानच कायद्याने अस्तित्वात नाही, त्याच्याकडे ग्राहकाचे वय कोणी विचारावयाचे? म्हणून बंदी करणाऱ्या शासनावर नियमन करणाऱ्या शासनापेक्षा अधिक दक्षतेची जबाबदारी येते. ती न पेलल्यास बंदीचा तोटा नेमक्या त्याच अल्पवयीन मुलाला होतो, ज्याच्यासाठी ती केली गेली.

जहांगीराच्या मनाईला अंमलबजावणीची यंत्रणा नव्हती. आजच्या कायद्याला ती आहे. उपनिरीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यास झडती व जप्तीचे अधिकार त्याने दिलेले आहेत. त्या अधिकारांचा वापर कोपऱ्यावरच्या टपरीपुरता राहतो, की पडद्यामागच्या पुरवठादारापर्यंत पोहोचतो, यावरच ह्या अधिनियमाचे इतिहासातील स्थान ठरेल.